माळबोरीची काही हरकत नाही

माळबोरीच्या पोरी शिकून कोण नर्स झाली, कोण ग्रामसेवक झाली, एक तर पोलिसात जाऊन वारंगा फाट्यावर ट्रका अडवून राहिली होती. त्यांच्या नोकऱ्या गावाला कळायच्या. दगडोबा कावरख्याची प्रतिक्षा तेवढी कोणाला कळली नाही. वकिली शिकली, पण काळा कोट नाही. मुंबईला सरकारी इमारतीत बसते, पण साहेब नाही. जीप नाही, शिपाई नाही, शिक्का नाही. मग करते काय? तर सरकारला सल्ला देते. आता सल्ला देण्याचा पगार मिळतो हे माळबोरीला पटायचं कसं? तिथं पारावर टेकलेला जो तो सकाळच्या चहापासून सरकारला फुकटात सल्ला देऊन राहिला होता.

सोयरिकीचे पाहुणे आले की दगडोबाची खरी पंचाईत व्हायची. पोरगी काय करते, असं कोणी विचारलं की तो घसा खाकरून 'कायद्याचा मसुदा करती' म्हणायचा. पाहुणे मोठ्या समजुतीनं मान हलवायचे आणि जाता जाता सुमनबाईला हळूच विचारायचे, की बाई, पोरीला नोकरी कवा लागंल? सुमनबाई तिची माय. ती बिचारी 'लागंल, लागंल' म्हणून वेळ मारून न्यायची.

प्रतिक्षाला मात्र आपल्या कामाची अशी धुंदी चढली होती की बोलायची सोय नाही. शेतरस्त्यांचे नवे नियम करायला सरकारनं एक समिती नेमली होती, तिच्यात ती सल्लागार. नियमांची प्रकरणं ढीगभर, पण सहावं प्रकरण तिचं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत तिनं लिहिलेलं. दोन वर्षं ती त्याच्यापायी जेवण विसरली, सणवार विसरली, एकदा तर रिक्षात चप्पल विसरून अनवाणीच ऑफिसात गेली.

प्रकरणाचा मजकूर तसा साधा होता. दोन शेतांच्या मधून पुढच्या शिवारात जाणारी गाडीवाट म्हणजे पांदण. ती कोणी खाल्ली, तर लोकांनी तालुक्याला चपला झिजवायच्या नाहीत. पंचांनी आणि तलाठ्यानं बांधावर यायचं, दोन्हीकडचं तिथंच ऐकायचं आणि रस्ता तिथंच मोकळा करायचा. जागा दोन्ही शेतांनी निम्मी-निम्मी सोडायची, म्हणजे कोणाचं काही म्हणणं नको.

हे सुचायला तिला कुठं लांब जावं लागलं नव्हतं. दगडोबाचं शेत आणि भागवत गडद्याचं शेत यांच्यामधून पांदण जाते. नकाशात ती अशी रुंद, की दोन बैलगाड्या एकमेकींना रामराम करून निघून जातील. प्रत्यक्षात शेळीनंही पोट आत ओढून जावं. दर साली नांगरताना इकडून एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, तिकडून एक तास, अशी दोघांनी मिळून ती फस्त केली होती. पुढच्या शिवारातली माणसं सोयाबीनचे कट्टे डोक्यावर वाहून आणायची आणि दोघांच्या नावानं बोटं मोडायची. दगडोबा म्हणायचा भागवतानं खाल्ली, भागवत म्हणायचा दगडोबानं खाल्ली. प्रतिक्षा पाचवीत असल्यापासून दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

तर मसुदा तयार झाला, लोकांपुढं ठेवला आणि त्यावर हरकती मागवल्या. सरकारी कामात हरकतीशिवाय मजा नाही. ज्या कलमावर कोणी भांडत नाही, ते कलम कोणाला नकोच आहे असं धरून चालतात. इतर प्रकरणांवर हरकतींचा पाऊस पडला. शहरातली फार्महाऊसवाली माणसं तर वकील लावून भांडली. सहाव्या प्रकरणावर मात्र एक ओळ नाही. समितीत चिन्मय नावाचा पुण्याचा पोरगा होता, आकडेमोडीत हुशार, मनानं चांगला, पण जे तक्त्यात दिसत नाही ते जगात नाही अशी त्याची श्रद्धा. तो म्हणाला, लोकांना त्रास असता तर लोक बोलले असते. नाही बोलले, अर्थात त्रास नाही. प्रकरण वगळा.

प्रतिक्षाच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं त्याच संध्याकाळी बापाला फोन लावला. आबा, सहाव्या प्रकरणावर गावाला हरकती पाठवायला सांगा, लवकर, माझी लाज राखा. दगडोबा म्हणाला, तू काही काळजी करू नको.

आठवड्यात मोठं पाकीट आलं. प्रतिक्षा ते छातीशी धरून ऑफिसच्या बोळातून पळतच आली आणि सगळ्यांसमोर तिनं ते टेबलावर ओतलं. चिन्मयनं पहिलं पत्र उचलून मोठ्यानं वाचलं. 'आमच्या गावची प्रतिक्षा हिने केलेल्या कायद्यास आमची काही हरकत नाही. मुलगी सुस्वभावी, निर्व्यसनी व होतकरू आहे.' खाली ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. दुसरं उघडलं, तेच. तिसरं, तेच. एकानं जादा माहिती जोडली होती की मुलगी चौथीत लंगडीच्या स्पर्धेत पहिली आली होती. एकानं लिहिलं होतं की तिला विहिरीत पोहता येतं. चिन्मय हसून हसून असा बेजार झाला की त्याला उचकी लागली, आणि प्रतिक्षा हसावं की रडावं कळेना म्हणून दोन्ही करायला लागली.

समितीच्या अध्यक्षा सरोजिनी मॅडम. सचिव म्हणून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी सगळी पत्रं शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, सहावं प्रकरण वाचलेलं हे राज्यातलं एकमेव गाव दिसतंय. आपण तिथंच जाऊन सुनावणी घेऊ. एका माणसानं जरी नाव आणि गट नंबर देऊन हरकत नोंदवली, तर प्रकरण राहील. नाही नोंदवली, तर वगळायचं. आणि प्रतिक्षाला बोट दाखवून बजावलं, की तुझं गाव आहे, म्हणून तू तिथं कार्यपद्धती समजावून सांगायची आणि नोंद घ्यायची. बाकी तोंड बंद.

सुनावणीच्या आदल्या दिवशी प्रतिक्षा सेनगावला उतरली आणि जीपमधून गावात आली. संक्रांत तोंडावर होती, तूर वाळायला लागली होती, हळदीची पानं पिवळी पडत होती. तिचं कशाकडं लक्ष नव्हतं. घरी पिशवी टाकली आणि थेट सरपंचाकडं गेली. सरपंच वैजनाथ म्हणजे मोठा मुरलेला माणूस. तिनं त्याला हात जोडून सांगितलं, उद्या लोकांना भांडू द्या. वैजनाथनं तिच्याकडं अशा मायेनं पाहिलं जसं काही पोरीला ताप आला आहे.

मग त्यानं तिला गावची रीत सांगितली, जी तिला माहीत होती पण मुंबईत राहून विसरायला झाली होती. बाहेरून पाहुणे चौकशीला आले, की वैऱ्याच्या पोरीलाही नावं ठेवायची नाहीत. घरात चूल वेगळी असेल, कोर्टात केस असेल, पण पाहुण्यानं विचारलं की पोरगी कशी, तर सोनं. घर कसं, तर देवाचं. एका शब्दानं सोयरीक मोडली तर सात जन्माचं पाप लागतं. आता मुंबईची माणसं काय बघायला येत आहेत? माळबोरीच्या लेकीचं काम. मग उद्या जो तोंड उघडंल त्याची खैर नाही, अशी दवंडीच दिली होती म्हणे त्यानं.

"काका, तुम्ही माझं वाटोळं करून राहिले," प्रतिक्षा म्हणाली.

वैजनाथला वाटलं पोरीला गहिवरून आलं. त्यानं तिला पेढा दिला.

ती तशीच भागवत गडद्याच्या घरी गेली. म्हटलं, सगळं गाव फिरलं तरी हा गडी काही फिरायचा नाही, याच्या पोटात आग आहे. भागवतनं तिला खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि नजरेला नजर न देता म्हणाला, "तुझा बाप म्हंजे देवमाणूस." हे बोलताना त्याच्या कानशिलाची शीर अशी उडत होती की प्रतिक्षाला त्याची काळजी वाटली. तकलीफ काय आहे का, काका? काय बी न्हाई. पांदण? एकदम बराबर.

पांदण बराबर? ती धावतच शेताकडं गेली आणि कपाळाला हात लावून बांधावर बसली. भागवतचा त्या बाजूचा तुकडा रब्बीला पडीक होता. त्याच्यातून गावानं ट्रॅक्टर फिरवून चांगला ऐसपैस रस्ता काढला होता. दोन्ही कडांना चुन्याची फक्की मारली होती. बाभळीच्या फांद्या, दगडगोटे, सगळं गायब. तोंडाशी केळीचे खुंट उभे केले होते आणि फळीवर लिहिलं होतं, 'सुस्वागतम'. पाहुणे गेले की भागवत त्याच्यावर नांगर फिरवणार होता, तशी बोलीच झाली होती. सुमनबाई चार बायकांसोबत तिथं सडा टाकून राहिली होती. लेकीला पाहून ती म्हणाली, कसं झालं गं? प्रतिक्षाला एकदम हसू फुटलं. दोन वर्षं जी वाट मोकळी व्हावी म्हणून तिनं रक्त आटवलं, ती गावानं तिच्याच प्रेमापायी एका दिवसात मोकळी करून दाखवली होती, आणि त्या मोकळ्या वाटेमुळेच सहावं प्रकरण आता मातीत जाणार होतं. ती इतकी हसली की बायका घाबरल्या आणि तिला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. हलगी वाजली, ओवाळणं झालं, चिन्मयला फेटा बांधला. तो फेटा वारंवार त्याच्या डोळ्यांवर यायचा आणि प्रत्येक वेळी कोणीतरी उठून तो सारखा करून जायचं. मॅडमना ट्रॅक्टरवर बसवून चुन्याच्या रस्त्यानं फिरवून आणलं. मॅडमनी आजूबाजूला पाहिलं आणि रस्ता उत्तम असल्याचं कबूल केलं. चिन्मयनं प्रतिक्षाकडं पाहून दोन्ही हात पसरले, म्हणजे आता तूच सांग.

मग मंडपात सुनावणी बसली. मॅडमनी विचारलं, शेतरस्त्याची कोणाला अडचण? एकेक जण उठला. टोपी काढून, हात जोडून, अडचण नाही म्हणाला आणि बसला. पुढच्या शिवारातला एक म्हातारा होता, कट्टे वाहून वाहून ज्याची मान कायमची एका बाजूला कलली होती. तोही तिरक्या मानेनं म्हणाला, काही तकलीफ न्हाई. भागवत उठला आणि दगडोबा देवमाणूस असल्याचं त्यानं सर्वांसमक्ष सांगितलं. दगडोबा उठला आणि भागवत सख्ख्या भावाहून जवळचा असल्याचं त्यानं सांगितलं. एवढी वर्षं न बोललेले ते दोघे एकमेकांच्या गळ्यात हार घालताना असे दिसत होते, जसं कोणी त्यांना एरंडेल पाजत आहे. मंडपभर टाळ्या पडल्या.

चिन्मयनं कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मारली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या की आणखी कोणाला बोलायचं नसेल तर आपण इथंच थांबू.

प्रतिक्षा आता करणार काय? बोलायची तर बंदी. समोर अख्खं गाव तिच्याकडं कौतुकानं बघत होतं, बाप तर डोळे पुसत होता. आणि त्या हारतुऱ्यांकडं बघता बघता तिच्या डोक्यात असा काही उजेड पडला की तिला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली. ती उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, कार्यपद्धती समजावून सांगायची राहिली आहे. मॅडम म्हणाल्या, सांग.

प्रतिक्षा गावाकडं वळली. "मंडळी, पाहुण्यांची पाहणी झाली. पोरगी पसंत पडली, घर पसंत पडलं, आता त्याच्यात काही बदल न्हाई. ते संपलं. आता बसली आहे बैठक."

मंडपात सगळ्यांचे कान टवकारले. बैठक! आता हे माळबोरीला वेगळं सांगायची गरज होती का? पाहणीत जो बोलतो तो पापी, पण बैठकीत जो गप्प बसतो तो बावळट. लग्न कोणाच्या दारात, पंगत कोणाची, मान कोणाचा आधी, हे बैठकीतच घासून घ्यायचं असतं. तिथं तोंड मिटून बसलेल्या माणसाला घरी गेल्यावर बायकोही भाकरी वाढत नाही. सगळ्यांनी वैजनाथकडं पाहिलं. वैजनाथनं दोन बोटं मिशीवर फिरवली, विचार केला आणि म्हणाला, "पोरगी बराबर म्हणून राहिली. बैठकच हाय ही."

झालं! बांध फुटावा तसं झालं. अर्धा मंडप उठून इकडं बसला, अर्धा तिकडं, मधे वाट सोडून, अगदी रीतीप्रमाणं. तिरक्या मानेचा म्हातारा सगळ्यात आधी उसळला. रस्ता कसला, चुना हाय तो, म्हणाला, उद्या नांगरून टाकणार हायती! भागवत ओरडला की चुना माझ्या रानात मारला आहे, खरी पांदण दगडोबाच्या हळदीखाली झोपली आहे. इकडून कोणी म्हणालं हार्वेस्टर येत नाही, तिकडून कोणी म्हणालं बाळंतीण बाई झोळीतून न्यावी लागली. त्याच्यावर तिसरा म्हणाला, झोळी माझी होती, अजून परत न्हाई मिळाली. चिन्मयचा फेटा सुटून गळ्यात आला आणि तो दोन्ही हातांनी लिहायला मिळालं असतं तर बरं, अशा चेहऱ्यानं कागद शोधायला लागला. प्रतिक्षाला नाचावंसं वाटत होतं. आपल्या प्रकरणापायी अख्खं गाव भांडत आहे, यापरतं सुख ते काय?

मॅडमनी टेबलावर हात आपटला. "फार छान. आता एकेकानं या, नाव सांगा, गट नंबर सांगा आणि सही करा."

आणि सगळं गाव परत चिडीचूप.

ओरडणं वेगळं आणि सरकारी कागदावर नाव टाकणं वेगळं. ओरडलेलं संध्याकाळी विसरतं. कागदावरचं नाव नातवंडांना पुरतं. म्हातारा आपली मान चोळायला लागला. भागवत चप्पल शोधायला लागला. मॅडमनी पुन्हा विचारलं, कोणीच नाही? प्रतिक्षा कागदावर पेन टेकवून बसली होती.

"माझं लिवा," मागून आवाज आला.

दगडोबा उभा राहिला होता. गर्दीतून वाट काढत तो टेबलापाशी आला आणि लेकीपुढं उभा राहिला. प्रतिक्षानं बापाकडं पाहिलं. पण पद्धत म्हणजे पद्धत, तिनं विचारलं, नाव?

"माझं नाव तुला ठाव न्हाई व्हय?"

मंडपात हशा उसळला. मॅडम म्हणाल्या, नोंदीसाठी विचारावंच लागतं. तेव्हा त्यानं छाती काढून सांगितलं, दगडोबा सखाराम कावरखे. गट नंबर सांगितला. आणि हरकत कशाला, असं लेकीनं विचारल्यावर त्यानं टेबलावरच्या मसुद्याकडं बोट दाखवलं.

"ह्या कलमाला. पोरगी माझी हाय, कलम माझं न्हाई. निम्मी-निम्मी जागा काहून सोडायची? ज्यानं जास्त खाल्ली त्यानं जास्त सोडावी. भागवतनं खाल्लं, ते माझ्या हळदीनं काहून फेडावं?"

प्रतिक्षाला खरं तर राग यायला पाहिजे होता. निम्मी-निम्मी हे तिचं लाडकं कलम, दोन वर्षं तिनं ते खोडलं नव्हतं, कोणाला खोडू दिलं नव्हतं. शाळेपासून आजपर्यंत बापानं तिच्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, आणि तेही चारचौघात, नाव-गाव देऊन. तिचे कान आनंदानं लाल झाले. तिनं एकेक शब्द घोटून घोटून लिहिला.

मॅडम उठल्या. कोणी किती खाल्ली हे इथं बसून कळणार नाही, चला बांधावर. सगळी वरात निघाली, पुढं हलगीवाला, कारण त्याला कोणी थांब म्हटलंच नव्हतं. सुनावणीला आलेल्या तलाठ्यानं नकाशा उघडला. पांदणीच्या दोन्ही कडांना जुने हद्दीचे दगड पुरलेले होते, ते शोधायचे. भागवतच्या रानातला दगड दोन तासं आत गेल्यावर लगेच सापडला. म्हणजे भागवतनं दोन तासं खाल्ली होती. दगडोबानं विजयी मुद्रेनं गावाकडं पाहिलं.

मग तलाठी हळदीत शिरला. दोन तासं गेला, तीन गेला. दगड नाही. आणखी आत गेला, पुढं पुढं जात राहिला. त्याच्या पाठीमागं पानं मिटत गेली. शेवटी तो खाली वाकला आणि दिसेनासाच झाला. सगळं गाव टाचा उंचावून बघत उभं. मग हळदीच्या पोटातून आवाज आला, सापडला!

काय हशा झाला म्हणता! माणसं बांधावर लोळली. तिरक्या मानेच्या म्हाताऱ्याला ठसका लागला. सुमनबाईनं पदर तोंडात कोंबला. दगडोबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला खरंच वाटत होतं की भागवतनं जास्त खाल्ली. इतकी वर्षं रोज तेच म्हणून म्हणून त्याला स्वतःला ते पटून गेलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्या दगडोबाजवळ गेल्या आणि समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुमची हरकत मान्य झाली, तर जास्त नुकसान तुमचंच आहे. कलम आहे तसं राहिलं, तर तुमची बरीच हळद वाचते. हरकत मागं घ्यायचा तुम्हाला हक्क आहे."

प्रतिक्षानं वहीत पाहिलं. नोंदीत तेवढी एकच हरकत होती. ती मागं घेतली, की सहावं प्रकरण संपलं. बापाला हे माहीत नव्हतं, आणि तिला ते सांगायची परवानगी नव्हती. तिनं चिन्मयकडं पाहिलं. तो फेट्याचं टोक दातात धरून उभा होता, त्यालाही आता तक्त्याची शुद्ध नव्हती. विचारायचं काम तिचंच होतं. तिनं कागदावरून नजर न उचलता विचारलं, कारण तिचा चेहरा बापाला सातबाऱ्यासारखा वाचता यायचा.

"हरकत कायम ठेवता, का मागं घेता?"

दगडोबानं टोपी काढली, डोकं खाजवलं. पिवळ्या पडलेल्या हळदीकडं पाहिलं, मग भागवतकडं पाहिलं. अख्ख्या गावात भागवत एकटाच हसत नव्हता.

"बैठकीत बोललेला शब्द मागं घेतला, तर सोयरीक मोडती," दगडोबा म्हणाला. "कायम ठिवा. हळद तेवढी काढून होऊ द्या, मंग जागा घ्या."

मग भागवत पुढं झाला. चारचौघांत हार घालताना निघाला नव्हता तो आवाज आता त्याच्या तोंडून निघाला. दगडोबा, म्हणाला, एवढी तू खाल्ली आन बदनाम मी झालो लेका! आणि लगेच टेबल नसताना टेबल असल्यासारखं प्रतिक्षापुढं येऊन उभा राहिला, की माझंबी नाव लिव. त्याची हरकत अशी, की पंच बांधावर आले तर त्यांच्या चहाचा खर्च कोणी करायचा ते कायद्यात नाही. त्याच्या मागं म्हातारा उभा राहिला. त्याच्या मागं झोळीवाला. सुमनबाई पदर खोचून पुढं आली आणि म्हणाली, पंचात एकही बाई न्हाई, माझी हरकत हाय, आन मी काही रांगेत उभी राहणार न्हाई. वैजनाथ म्हणाला, सरपंचाला आधी बोलू द्यावं. त्यावर तीन जणांनी हरकत घेतली. चिन्मय समोरच्या माणसाच्या पाठीवर कागद ठेवून हरकती उतरवून घ्यायला लागला, एकाची पाठ झाली की दुसऱ्याची. मॅडम बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, आता हे प्रकरण वगळायचं म्हटलं तर मला इथून जिवंत कोणी जाऊ देणार नाही.

प्रतिक्षाला एकदम भरून आलं आणि हसूही येत राहिलं. तिनं वही मांडीवर घेतली. आजवर बापाचं नाव तिनं किती वेळा लिहिलं असेल. परीक्षेच्या अर्जावर, दाखल्यावर, वकिलीच्या सनदेवर, दर वेळी तिचं नाव आणि आडनाव यांच्या मधे ते गुमान बसलेलं असायचं. आज ते ओळीच्या सुरुवातीला होतं, एकटं, आणि तिच्या विरुद्ध. तिनं लिहिलं, 'दगडोबा सखाराम कावरखे, हरकत कायम.'

मॅडमनी मसुदा तिच्यापुढं धरला. म्हणाल्या, कलम तुझं आहे, तूच खोड. प्रतिक्षानं दोन वर्षं जपलेली निम्मी-निम्मी एका रेघेत खोडून टाकली. रेघ पार वाकडी आली, कारण हसू काही केल्या थांबत नव्हतं.